घोडी कशाने चिकटवायची?

तानपुऱ्याची घोडी तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या उघड्या बाजूवरच्या फळीवर, नुसती टेकलेली असते. तिला ना खिळा, ना गोंद. वरून चार तारा तिला दाबून धरतात, आणि तारांची ओढ पुढे भोपळ्याच्या बुडाशी असलेला लंगोट सोसतो. तारा सैल केल्या की घोडी हातात येते. गिटारचं तसं नाही. साध्या अकूस्टिक गिटारची घोडी, म्हणजे तिचा ब्रिज, वरच्या पातळ फळीवर चिकटवलेली असते आणि सहाही तारा तिलाच अडकवलेल्या असतात. स्टीलच्या तारा सुरात आणल्या की सगळ्यांची मिळून ओढ 70 किलोच्या आसपास जाते. ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढी ओढ रात्रंदिवस त्या घोडीला फळीवरून सोलून काढू पाहते, आणि तिला धरून ठेवायला मध्ये असतो तो फक्त गोंदाचा थर, कागदाहूनही पातळ.

या थराचा विचार करायची वेळ माझ्यावर आली ती भाच्यामुळे. तो पुण्यात शिकतो, वसतिगृहात राहतो, गिटार बरी वाजवतो. आता त्याला स्वतःच्या हातांनी एक गिटार बांधायची आहे. वरच्या फळीसाठी स्प्रूस आणलं, पाठीला आणि कुशीला शिसव मिळवलं, फ्रेटच्या पट्ट्या आल्या, आणि मग एका रात्री फोन. "मामा, गोंद कोणता वापरू?" एका शब्दात उत्तर मिळेल अशी त्याची समजूत होती. मामा भजनी मंडळात तानपुरा घेऊन बसतो, गावातल्या पेट्या आणि तानपुरे यांची किरकोळ डागडुजी करतो, एवढ्याच भांडवलावर हा प्रश्न माझ्याकडे आला होता. "विचार करून सांगतो," म्हटलं. "त्यात विचार काय करायचा?" तो म्हणाला. पोरगं हुशार आहे, पण अजून त्याच्या हातून काही उकललेलं नाही.

माझं गाव मैंदर्गी, अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागतं. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाजारात अर्धा व्यवहार कानडीत. गिटार बांधण्याशी या गावाचा काडीचा संबंध नाही, पण चिकटवण्याच्या जिनसांची मात्र आमच्या भागात कधी वाण नव्हती. बाभळीच्या सालीवरून खरवडलेला डिंक पोरांच्या पतंगांना आणि वह्यांना पुरायचा. घोंगडी विणणारे उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ चढवायचे. खुरप्याचं टोक मुठीत पक्कं बसवायला लाख. आणि लाकूड लाकडाला जोडायचं असेल तर सरस. जनावरांची कातडी, हाडं, शिरा उकळून काढलेला हा पदार्थ तपकिरी पट्ट्यांच्या किंवा खड्यांच्या रूपात मिळायचा. जिलेटिन ज्या प्रथिनापासून होतं त्याच प्रथिनाचा हाही पदार्थ, फक्त खाण्याइतका शुद्ध केलेला नाही. पुस्तकं बांधणारे तो वापरायचे, पेटीच्या भात्याचं चामडं त्याने बसायचं, आणि दाराच्या चौकटीपासून देव्हाऱ्यापर्यंत जिथे खिळा दिसायला नको तिथे सुतार त्याचाच आधार घ्यायचे.

वाद्यांच्या बाबतीत आमची धाव मिरजेपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारी आणि तानपुरे बनतात. या कामाची सुरुवात फरीदसाहेब सतारमेकर यांच्या घराण्याकडे जाते. मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या, शस्त्रांचं काम आटलं, आणि लोखंडावर बसलेला तो हात लाकडावर वळला. पुढे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, गावाला गाण्याचं नाव मिळालं आणि वाद्यांनाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्या कारागिरीवर भरभरून छापून आलं. त्यात आमच्या सोलापूर जिल्ह्याचा हिस्सा फार थोड्यांनी सांगितला. तानपुऱ्याचा कडू भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या शेतांतून. भोपळा सोलापूरचा, हात मिरजेचा आणि नाव मिरजेचं. तक्रार नाही, पण नोंद असावी.

तानपुरा उघडा केला तर कळतं की गोंदाची खरी परीक्षा घोडीखाली होतच नाही. ती होते गळ्यापाशी. भोपळा कापून, भिजवून, वाळवून त्याला आकार देतात; त्याच्या तोंडाला लाकडी गळा जोडतात, गळ्यापुढे पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या उघड्या बाजूवर तबली बसवतात. तारा ताणल्या की दांडी पुढे वाकू पाहते आणि सगळी ओढ गळ्याच्या सांध्यावर येते. त्या सांध्यात एका बाजूला भोपळ्याची सुकलेली साल आणि दुसऱ्या बाजूला तुणीचं किंवा सागाचं लाकूड. दोन्ही पावसाळ्यात वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या मापाने आकसतात. वर्षानुवर्षं हा सांधा सरसाने सांभाळला. नुसत्या चिकटपणावर हे जमत नाही. गोंद वाळल्यावर कडक व्हायला हवा, ओढीखाली सरकता कामा नये, आणि कधी काळी उकलायचा झाला तर उकललाही पाहिजे.

सरस तयार करणं हे स्वयंपाकघरातलं काम आहे, हे भाच्याला सांगितल्यावर तो आधी हसला. खडे थंड पाण्यात भिजत घालायचे, ते पाणी पिऊन फुगेपर्यंत. मग एका भांड्यात पाणी ठेवून त्यात सरसाचं भांडं ठेवायचं आणि मंद आचेवर 60 अंशांच्या आसपास आणायचं. त्याहून फार गरम झालं की प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात आणि ताकद जाते. उकळी फुटली तर तो सरस फेकून द्यावा. लावायचा तो गरमच. दोन्ही लाकडं आधी थोडी शेकून घेतली तर बरं, कारण थंड लाकडाला लागताच त्यावर साय धरायला लागते आणि मग जोडलेलं लाकूड जोडल्यासारखं दिसतं, पण जोडलं जात नाही. हातात वेळ असतो मिनिटभर, फार तर दीड. सांधा आधीच सुका लावून पाहिलेला असला पाहिजे, शिकंजे उघडून ठेवलेले, ते कुठल्या क्रमाने कसायचे ते ठरलेलं. एकदा सरस लागला की विचाराला जागा नाही.

गावातले एक वयस्कर सुतार, ज्यांच्याकडून मी पटाशी धरायला शिकलो, ते म्हणायचे, "सरस म्हंजे तान्हं लेकरू हाय गुरुजी. नजर काढली की बिगडलं." आणि पुढे, न विचारता, "फेविकॉल आला आन् आमची चूल सुटली."

ही चूल सुटणं ही साधी गोष्ट नव्हती. 1959 साली बळवंत पारेख यांच्या कंपनीने फेविकॉल बाजारात आणला तेव्हा देशभरातले सुतार सरसाच्या भांड्याभोवती बसत होते. विस्तव पेटवायचा, घाण वास सहन करायचा, उरलेला सरस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सडायचा. पांढरा गोंद डब्यातून काढा, लावा, निवांत जुळवा, पुसा, घरी जा. कंपनीने दुकानदारांऐवजी थेट सुतारांना गाठलं आणि सुतारांनी सरस टाकला. मला यात काही वाईट दिसत नाही. पलंग, कपाट, प्लायवूडचा टेबल यांना सरसाचे सोहळे कशाला? आज मराठीत 'फेविकॉल' हे एका कंपनीच्या मालाचं नाव राहिलेलं नाही. आपण कुठल्याही पांढऱ्या गोंदाला तेच म्हणतो, आणि भाच्याच्या मनातही उत्तर म्हणून तेच नाव तयार होतं.

पण गिटार म्हणजे पलंग नव्हे. पांढऱ्या गोंदाचा मुख्य घटक पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. या पदार्थाचं एक वैशिष्ट्य असं की साधारण 30 ते 40 अंशांच्या दरम्यान तो काचेसारखा ताठरपणा सोडून रबरासारखा होऊ लागतो. कपाटाला त्याचं काही नाही, कपाटाच्या सांध्यावर सतत एकाच दिशेने कोणी ओढत नसतं. गिटारच्या घोडीवर 70 किलोची ओढ अहोरात्र असते. सांधा सुटत नाही, तो सरकतो. रोज केसाच्या अंशाएवढा. घोडीची मागची कड किंचित वर येते, फळीला पोट सुटतं, तारा फ्रेटपासून उंच होतात, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपली बोटंच कमकुवत झाली. आता वैशाखातल्या सोलापूरचा विचार करा. पारा 42-43 ला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. ज्या तापमानाला हा गोंद ताठरपणा सोडतो त्या तापमानात आमच्याकडे माणसं दुपारची झोप घेतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत 60 अंशांचा टप्पाही ओलांडला जातो. तिथे गिटार ठेवली तर कुठल्याच सामान्य लाकडी गोंदावर भरवसा ठेवू नये.

गिटारवाले म्हणून पांढऱ्याऐवजी पिवळा गोंद वापरतात. अमेरिकेतल्या फ्रँकलिन कंपनीचा टाइटबॉन्ड हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. कुळ तेच, पण वाळल्यावर जास्त कडक, कमी सरकणारा, आणि घासताना कागदावर चिकट गोळा न होणारा. त्याचे दोन-तीन प्रकार मिळतात. डब्यावर 'पाण्याला दाद न देणारा' असं लिहिलेला प्रकार पाहून भाचा लगेच भुलला. तोच घ्यायचा नाही. पाण्याला दाद न देणारा गोंद उद्या वाफेलाही दाद देणार नाही, आणि गिटारच्या दुरुस्तीचं बरंचसं काम वाफेवरच चालतं. साधा पहिला प्रकारच बरा. त्याचा सांधा 60-65 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, म्हणजे तापवलेली पातळ सुरी आणि धीर यांच्या जोरावर घोडी परत काढता येते.

सरस याबाबतीत वेगळाच निघतो. कोरडी उष्णता त्याला फारशी बाधत नाही, सतत ओढीखाली तो सरकत नाही, वाळल्यावर काचेसारखा टणक राहतो. त्याचा शत्रू ओलावा. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात सरसाने बांधलेलं वाद्य सांभाळणं कष्टाचं, पण आमच्या अवर्षणी माळावर तो खूष. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणजे ज्या गोंदाला उष्णता चालते आणि ओल चालत नाही, त्याला सोलापूरसारखी जागा नाही. सरस टाकण्याची घाई सगळ्यात कमी असायला हवी होती ती आमच्याकडे, आणि टाकला तो आमच्यासकट सगळ्यांनी.

लावण्याच्या वेळेबाबत मात्र हाच उन्हाळा नडतो. परदेशातले कारागीर सरस लावण्याआधी खोली तापवतात, म्हणजे तो लवकर गोठत नाही. आमच्याकडे मे महिन्यात खोली आधीच एवढी तापलेली असते की तो गोठतच नाही; पाणी उडून जाईपर्यंत पातळ राहतो आणि शिकंज्यातलं लाकूड घसरतं. शिवाय भांड्यातला उरलेला सरस दिवसभरात आंबतो, आणि त्या वासाला घरात कोणीच माफ करत नाही. म्हणून काम मार्गशीर्ष-पौषात करावं. सकाळी हवेत गारवा असतो, ऊन कोवळं असतं, लाकूड शेकायला अंगण असतं. गोठून धरण्याची ही क्रिया सरसाची खरी ताकद आहे. थंड होताना आणि मग वाळताना तो आकसतो आणि दोन्ही लाकडं एकमेकांकडे खेचून घेतो. व्हायोलिन दुरुस्त करणारे काही जण याच भरवशावर शिकंजे न लावता नुसते हाताने घासून लहान तुकडे बसवतात.

आवाजाचं काय, असं भाच्याने विचारलंच. सरसाने बांधलेली गिटार जास्त गोड वाजते, असं म्हणणारे जगभर आहेत. मार्टिन ही 1833 पासून गिटारी बनवणारी अमेरिकन कंपनी. आपल्या जुन्या गिटारींच्या हुबेहूब आवृत्त्या काढताना ती आजही सरस वापरते, आणि त्यांची किंमत पाहून भोवळ येते. माझं मत विचाराल तर गोंद गात नाही. अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेसने 1862 मध्ये पाठ आणि कुशी पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बांधली होती, फक्त एवढं दाखवायला की आवाज वरच्या फळीत असतो. ज्याला पुठ्ठ्यातून गिटार वाजवता आली त्याने गोंदावरून भांडणं केली असती असं मला वाटत नाही. आवाज बिघडतो तो गोंदाच्या जाडीने. सांधा नीट बसला नाही, उजेड दिसत होता, मग तिथे गोंद भरला, की तो भरलेला गोंद कंप गिळतो. फळीखालच्या आधारपट्ट्या, ज्यांना गिटारवाले ब्रेसिंग म्हणतात, त्या इतक्या नेटक्या बसायला हव्यात की गोंदाचा थर असून नसल्यासारखा व्हावा. रंधा चांगला चालला तर गोंद कुठलाही चालेल, असंही एखादा म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण पुढे दुरुस्ती आहे.

गोंद निवडताना आपण पहिल्या दिवसाचा विचार करतो: किती लवकर धरेल, किती घट्ट धरेल. वाद्याच्या बाबतीत विचार करायचा तो शेवटच्या दुरुस्तीचा. गिटार ही तीस-चाळीस वर्षांत एकदा तरी उघडावी लागतेच. ओढीने मान पुढे झुकते, मग मानेचा सांधा वाफ देऊन उकलायचा, लाकूड किंचित तासून कोन बदलायचा आणि परत बसवायची. घोडी कधी ना कधी उचलली जाते. आधारपट्टी सुटते आणि तार वाजली की आत भुणभुणते. हे करणारा माणूस बांधणारा नसतो. बहुतेक वेळा बांधणारा तेव्हा हयातही नसतो. त्या अनोळखी माणसाच्या हातात आपण काय ठेवून जातो, हा गोंद निवडण्याचा मुद्दा.

आणि इथे सरसाला तोड नाही. ओलावा आणि ऊब दिली की तो सुटतो. काही कारागीर सांध्यात स्पिरिट सोडतात, त्याने तो ठिसूळ होतो आणि लाकडाचे तंतू न ओढता सांधा उघडतो. मुख्य म्हणजे नवा सरस जुन्या सरसाला चिकटतो. गरम नवा थर जुन्या थराला विरघळवतो आणि दोन्ही एक होतात. पांढऱ्या किंवा पिवळ्या गोंदाचं तसं नाही. वाळलेल्या थरावर नवा गोंद धरत नाही. जुना थर कणाकणाने खरवडून कोरं लाकूड उघडं पाडावं लागतं, आणि स्प्रूससारख्या मऊ लाकडावरून तो खरवडताना लाकूडही थोडं जातंच. माझ्याकडे एकदा ओळखीतून एक गिटार आली होती. घोडीची मागची कड उचललेली, आणि कोणीतरी त्या फटीत भरपूर पांढरा गोंद ओतून वर वजन ठेवलं होतं. काही आठवड्यांत ती परत उचलली. मग तात्काळ चिकटणारा गोंद थेंबाथेंबाने सोडला, तो आत न जाता फळीच्या पॉलिशवर पसरला आणि पांढरा डाग पाडून बसला. घोडी काढायला लागला त्याहून जास्त वेळ मागच्या दोन उपायांचे थर काढायला लागला. बांधणाऱ्याने मूळचा सांधा बरा केला होता, हे त्या सगळ्या लगद्याखाली स्पष्ट दिसत होतं.

तात्काळ चिकटणाऱ्या गोंदाला गिटारीत जागा आहे, पण थोडी: फ्रेटच्या टोकाखाली एखादा थेंब, शिंपल्याची नक्षी बसवताना. इपॉक्सीलाही जागा आहे. शिसवात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पाण्यात विरघळलेले गोंद त्यावर कधी कधी नीट धरत नाहीत. ॲसिटोनने पुसून लगेच लावलं तर धरतात, पण काही जण सरळ इपॉक्सी वापरतात, कारण त्यात पाणी नसतं आणि लांब, पातळ फ्रेटबोर्ड भिजून वाकत नाही. (शिसवाची आणखी एक गंमत. आपल्या दक्षिणेतलं हे झाड जगातल्या गिटारींच्या पाठींवर फिरतं. 2017 मध्ये शिसवाच्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा गिटारवाल्यांची परवान्यांसाठी धावपळ झाली. 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. भाच्याला जे मिळालं ते एका जुन्या कपाटाच्या दारातून निघालं आहे, त्याला कोणाचा परवाना लागला नाही.)

एक प्रश्न मात्र मी टाळत होतो, आणि तो भजनात बसणाऱ्या माणसाने टाळू नये. आमच्या गावातली कितीतरी घरं शुद्ध शाकाहारी. लिंगायत मठाच्या भजनात जो तानपुरा जुळतो त्याच्या गळ्यात कातड्याचा सरस, त्याची घोडी बरेचदा उंटाच्या हाडाची किंवा शिंगाची, शेजारी तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. देवापुढे हे सगळं चालतं, कोणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर एवढंच विचारलं, "दादा, घरच्या पातेल्यात नाही ना उकळणार तो?" तिला सांगितलं, वेगळं भांडं लागेल आणि ते परत स्वयंपाकघरात येणार नाही. तिने परवानगी दिली. ज्यांना हे मनापासून नको असेल त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी पिवळा गोंद वापरावा, गिटार त्यामुळे पापी किंवा पुण्यवान होत नाही, वाजते तशीच वाजते.

भाच्याला शेवटी जे सांगितलं ते असं. पहिलीच गिटार आहे, तेव्हा खोक्याचे सांधे, कुशीच्या आतल्या पट्ट्या, मान, हे सगळं साध्या पिवळ्या गोंदाने कर. तो तुला जुळवायला पाच-दहा मिनिटं देईल आणि चुकलं तर सुधारता येईल. आधारपट्ट्याही त्यानेच कर, पण ज्या दिवशी हवा कोरडी आणि स्थिर आहे त्याच दिवशी. पावसाळ्यात फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या तर ती फळी उन्हाळ्यात फाटेल, आणि तेव्हा गोंदाला दोष देऊ नकोस. पांढरा गोंद कुठेच नको. घोडी मात्र सरसाने लाव. तुकडा लहान आहे, मिनिटभरात जमण्यासारखा आहे, आणि सगळ्यात जास्त ओढ तिथेच आहे. आधी टाकाऊ लाकडावर हात बसव; दोन तुकडे जोडून, वाळवून, छिन्नीने फोडून पाहा. सांध्याजवळचं लाकूड फाटलं आणि सांधा राहिला तर सरस जमला. सांधा स्वच्छ उघडला तर परत.

"मामा, वसतिगृहात विस्तव चालत नाही," तो म्हणाला. मग सुट्टीत इकडे ये, पौषात ये, असं ठरलं आहे. वेगळं पातेलं अक्कलकोटच्या बाजारातून आणलं आहे. सरसाचे खडे मिळवायला मात्र सोलापुरात बरीच दुकानं फिरावी लागली. जुन्या दुकानदारांना नाव माहीत होतं, माल नव्हता.

आता जे कोणी गिटार, तानपुरा, सतार, पेटी, काहीही बांधत असतील किंवा दुरुस्त करत असतील त्यांना एक विनंती. वाद्याच्या पोटात नावाची चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे, त्यावर आपलं नाव, गाव आणि साल असतं. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: कुठला सांधा कुठल्या गोंदाने केला. पेन्सिलीने लिहा, शाई विटते.